ऑपरेशन चाळीस

उद्यमबागेत, ओतशाळेच्या भिंतीला भिंत लावून
आमचं शॉप. पंपाची हाउसिंगं करतो.
बिडाचं कास्टिंग येतं, अंगाला जळक्या वाळूचा वास,
आणि ते कुठल्या मशीनवर, कुठल्या क्रमानं,
कुठल्या टूलखाली न्यायचं
हे पस्तीस वर्षं परशराम कंग्राळकर ठरवत आले,
पिवळ्या कार्डांवर निळ्या पेन्सिलीनं.
चार हजार एकशे कार्डं,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.

मला ठेवलं ती संगणकात भरायला.

तो विचारतो: गोल की चौकोनी?
भोकं किती? आरपार की आंधळी?
सगळ्यात घट्ट माप कुठलं?
मी सांगत जाते. तो नऊ आकडी कोड काढतो,
म्हणतो, याच्यासारखे सव्वीस जॉब आहेत,
यालाही त्याच वाटेनं न्या.
स्क्रीनवर ‘फॅमिली’ येतं. कंग्राळकर भावकी म्हणतात.
"भावकी म्हटली की भांडण आलंच, बग."

आलं. ऑपरेशन चाळीसला.
संगणकानं आडवं भोक आधी घेतलं, बोअर मागून.
कार्डावर नेमकं उलटं.
"मधेच भोक लागलं की टूल ठेचाळणार,
इन्सर्ट तुटणार. लिहून ठेव."
लिहिलं नाही. इराप्पा तळवारकडून
दोन्ही वाटांनी वीस-वीस जॉब काढून घेतले.
इन्सर्ट तुटलं नाही.
एक सेटिंग वाचलं, जॉबमागे अकरा मिनिटं,
आणि आडव्या भोकाचा बर
बोअर घेताना आपसूक निघून गेला.

कंग्राळकरांनी आतून बोट फिरवलं.
परत फिरवलं.
"हा बर कानशीनं काढायला
बारा वर्षं दोन पोरं ठेवली होती मी."
त्या दिवशी चहाला आले नाहीत.

एप्रिलात दुपारचे जॉब नापास व्हायला लागले.
शॉपमध्ये मापात,
तपासणीच्या गार खोलीत एक शतांश बारीक.
खालच्या सीमेबाहेर.
सीमा हा शब्द आमच्या गावात
जरा इकडे-तिकडे बघून बोलायचा असतो;
शॉपमध्ये दिवसातून शंभरदा, वरची, खालची,
पलीकडे गेलं की भंगारात.
संगणकाला विचारलं: फीड बरोबर, स्पीड बरोबर,
त्याच्याकडून सगळं बरोबर.

"काय करालीस?" मागून कंग्राळकर.
त्यांनी डबा उघडला, एक कार्ड काढलं,
उलटं केलं.
निळ्या पेन्सिलीत: सात नंबर. पश्चिमेचं दार.
मार्च ते मे बोअर सकाळीच.

मी फक्त पुढच्या बाजू भरल्या होत्या.

नियम दोनशे चौदा:
मशीन सात असेल, महिना तीन ते पाच असेल,
तर चाळीस साडेअकराच्या आत.
आधार काय, संगणकानं विचारलं.
त्या रकान्यात इंग्रजी आठ अक्षरं मावतात.
कंग्राळकरांची शेवटची दोन बाहेर राहिली.
त्यांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले,
"र्‍हाऊ दे गं. भोक आंधळं असलं तरी माप लागतंय."
मला नीट कळलं नाही. विचारलंही नाही.

आता डब्यांतली कार्डं मी पालथी घालून वाचते.
कुठे तेलाचा डाग, कुठे कुणाच्या लग्नाची तारीख,
कुठे नुसतं: सावकाश.
सावकाश कुठल्या रकान्यात भरायचं?

काल इराप्पाकडून छापील शीट परत आलं.
साठ नंबरसमोर, समासात,
पेन्सिलीनं कन्नडमध्ये दोन शब्द.
मी अजून ती अक्षरं बसच्या पाटीसारखी
एकेक जुळवत वाचते.
ईग. ब्याड.
आत्ता नको.

का नको, ते लिहिलेलं नाही.
इराप्पा सौंदत्तीला गेलाय, सोमवारी येईल.
साठ मी रिकामं ठेवलंय.